‘अटेंड’ नेमकं कुठे आणि कसं वापरायचं: एक सविस्तर मार्गदर्शक

‘लग्न अटेंड केलं.’ ‘जरा फोन अटेंड कर.’ ‘तक्रार अटेंड झाली.’ ‘पेपरात 80 प्रश्न अटेंड केले.’ आपल्या बोलण्यात हे क्रियापद इतकं रुळलंय की ते इंग्रजी आहे हेही लक्षात येत नाही. पण याच वाक्यांचं इंग्रजी करून मेलमध्ये लिहिलं, तर फक्त पहिलं निर्धोक ठरतं. दुसरं भारताबाहेरच्या वाचकाला खटकतं, तिसऱ्यात एक शब्द गळलेला आहे आणि चौथ्यात क्रियापदच वेगळं हवं.

अडचण उलट दिशेनेही येते. इंग्रजी कागद वाचताना ‘अटेंड’ दिसलं की हात आपोआप ‘उपस्थित राहणे’ लिहून मोकळा होतो. मग दवाखान्याच्या कागदावर, कोर्टाच्या नोटिशीत किंवा पेन्शनच्या आदेशात भलताच अर्थ उमटतो. कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार करणारे, भाषांतर करणारे आणि मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीत काम करणारे, या सगळ्यांसाठी खालच्या पायऱ्या आहेत. त्या क्रमाने वाचाव्यात, कारण दुसरी पायरी पक्की झाली की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपसूक सुटतात.

पायरी 1: आधी मूळ समजून घ्या

हे क्रियापद लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. लॅटिनमध्ये ‘आद’ म्हणजे ‘-कडे’ आणि ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. मन एखाद्या गोष्टीकडे ताणणे, हा मूळ अर्थ. या ‘तेंदेरे’चं आणि संस्कृत ‘तन्’ धातूचं कूळ एकच आहे. आपले ताण, तंतू, गाण्यातली तान हे सगळे त्याच घरातले.

म्हणजे लक्ष देण्याचा अर्थ आधीचा आणि हजर राहण्याचा अर्थ त्यातून नंतर निघालेला. मधला दुवा आहे सेवेचा. ज्याच्याकडे लक्ष द्यायचं त्याच्याजवळ थांबायचं, त्याला काय हवं-नको ते पाहायचं, आणि मग नुसतं तिथे असणं. लक्ष, सेवा, हजेरी असा हा प्रवास आहे. आजच्या इंग्रजीत तिन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत, म्हणून गोंधळ होतो. फ्रेंचमध्ये हेच क्रियापद वेगळ्या वाटेने गेलं. तिथे ‘आताँद्र’ म्हणजे वाट पाहणे. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची इथे हमखास फसगत होते.

आपल्याकडे या मूळ अर्थाला सगळ्यात जवळचा शब्द आहे ‘अवधान’. ‘सावधान’ म्हणजे अवधानासह. कवायतीतल्या ‘अटेन्शन’ला आपण ‘सावधान’ म्हणतो आणि मंगलाष्टकांच्या शेवटीही तेच म्हणतो. ‘सावधान’ म्हणजे धोका असा अर्थ आता डोक्यात पक्का बसलाय, पण मूळ सांगणं ‘लक्ष इकडे असू द्या’ एवढंच आहे.

पायरी 2: ‘ला’ आणि ‘कडे’ची कसोटी

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ‘टू’ लावायचा की नाही यात. याचं कारण आपल्या मराठीतच आहे. आपण ‘सभेला’ हजर राहतो, ‘लग्नाला’ जातो, ‘व्याख्यानाला’ बसतो. ‘ला’ म्हणजे ‘टू’ हे शाळेत घोकलेलं असतं, म्हणून हाताखालून ‘आय अटेंडेड टू द मीटिंग’ उतरतं. ते चूक आहे. हजर राहण्याच्या अर्थी क्रियापदाला थेट कर्म लागतं, मध्ये काहीही येत नाही: ‘आय अटेंडेड द मीटिंग’.

‘टू’ येतो तो लक्ष देण्याच्या अर्थी, आणि तिथे मराठीत बहुतेक वेळा ‘कडे’ असतं. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तेच वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा.

सभेला, लग्नाला, अंत्यविधीला, मुलाखतीला: ‘टू’ नको.
शाळेत, कॉलेजात, वर्गात, कोर्टात: ‘टू’ नको.
कामाकडे, तक्रारीकडे, तपशिलाकडे, गिऱ्हाइकाकडे: ‘टू’ हवा.

‘प्लीज अटेंड टू धिस मॅटर’ म्हणजे या विषयाकडे लक्ष द्या. ‘आय हॅव सम वर्क टू अटेंड टू’ म्हणजे मला जरा कामं उरकायची आहेत. या दुसऱ्या वाक्यात दोनदा ‘टू’ आल्यामुळे अनेकजण शेवटचा खोडून टाकतात. तो खोडू नका; पहिला ‘टू’ पुढच्या क्रियापदाचा आहे आणि दुसरा ‘लक्ष देणे’ या अर्थाचा.

दुकानात विचारतात, ‘आर यू बीइंग अटेंडेड टू?’ म्हणजे तुमच्याकडे कुणी पाहतंय का, तुम्हाला काय हवं ते कुणी विचारलं का. इथेही ‘कडे’ बरोबर जुळतं.

ही कसोटी माणसांच्या बाबतीत थोडी सैल पडते. डॉक्टर ‘पेशंटला’ तपासतात, पण इंग्रजीत ‘द डॉक्टर अटेंडेड द पेशंट’ आणि ‘अटेंडेड टू द पेशंट’ दोन्ही सापडतात. पहिलं जरा औपचारिक आणि वैद्यकीय कागदांतलं, दुसरं रोजच्या वापरातलं. शंका असेल तेव्हा माणसासाठी ‘टू’ लावलेला बरा. कारण ‘टू’शिवाय माणूस थेट कर्म झाला की वाक्याला दरबारी किंवा वैद्यकीय वास येतो.

तक्रारवहीतलं ‘अटेंडेड’

इथे थोडं थांबायला हवं, कारण या एका शब्दामुळे लोकांचं प्रत्यक्ष नुकसान होतं. सोसायटीच्या, कार्यालयाच्या, सेवा केंद्राच्या तक्रारवहीत शेवटच्या रकान्यात ‘कम्प्लेंट अटेंडेड’ असं लिहिलेलं असतं. व्याकरणाने तिथे ‘अटेंडेड टू’ हवं, पण ते सोडून देऊ. खरा प्रश्न अर्थाचा आहे. ‘अटेंडेड’ म्हणजे कुणीतरी आलं, पाहिलं, लक्ष घातलं. काम झालं की नाही, हे हा शब्द सांगत नाही. मराठीत ‘तक्रारीची दखल घेतली’ आणि ‘तक्रारीचं निवारण झालं’ यात जेवढं अंतर आहे तेवढंच अंतर ‘अटेंडेड टू’ आणि ‘रिझॉल्व्ड’मध्ये आहे.

म्हणून दोन गोष्टी करा. तुमच्या घरी गळती थांबली नसताना सही मागितली आणि रकान्यात ‘अटेंडेड’ असेल, तर शेजारी ‘पाहणी झाली, दुरुस्ती बाकी’ असं लिहून मगच सही करा. आणि तुम्ही स्वतः उत्तर पाठवणाऱ्या बाजूला असाल, तर काम पूर्ण झालं असेल तिथे ‘रिझॉल्व्ड’ किंवा ‘रिपेअर्ड’ लिहा, नुसतं ‘अटेंडेड’ नको. वाचणाऱ्याला स्थिती कळली पाहिजे.

पायरी 3: कर्म कोणतं ते पाहा

‘टू’ नाही हे ठरलं की पुढचं नाम पाहायचं.

ते कार्यक्रमाचं असेल, म्हणजे सभा, मैफल, परिषद, तर अर्थ हजर राहणे. सोपं आहे, पुढे जाऊ.

संस्था असेल तर अर्थ बदलतो. ‘शी अटेंडेड फर्ग्युसन कॉलेज’ म्हणजे ती एके दिवशी तिथे हजर होती असं नव्हे. ती तिथे शिकली. इथे ‘उपस्थित राहिली’ लिहिणं चूक. आणखी एक बारकावा: ‘अटेंडेड’ म्हणजे पदवी घेतली असंही नाही. परदेशी अर्जांत शाळा-कॉलेजं विचारताना ‘अटेंडेड’ आणि ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ यांत फरक केलेला असतो. शिक्षण अर्धवट सुटलं असेल तर पहिलं खरं ठरतं, दुसरं खोटं. बायोडेटा करताना हे नीट पाहा.

चर्च, देऊळ यांसाठी ‘अटेंड’ आलं तर त्यात नियमितपणा असतो. ‘ही अटेंड्स चर्च’ म्हणजे तो नेमाने प्रार्थनेला जातो.

घटनास्थळ असेल तर हा ब्रिटिश वापर आहे. ‘फायर क्रूज अटेंडेड द सीन’ म्हणजे अग्निशमन दलाचे जवान तिथे पोहोचले आणि कामाला लागले. बातमीचं भाषांतर करताना ‘अग्निशमन दल उपस्थित होते’ असं लिहिलं, तर ते आग बघत उभे होते असं वाटतं. ‘दाखल झाले’ किंवा ‘धावून गेले’ म्हणा.

न्यायालय, पोलीस ठाणे असेल तर ‘हजर राहणे’ हाच शब्द, ‘उपस्थित’ नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 160 मध्ये, तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला साक्षीदारांची ‘अटेंडन्स’ मागण्याचा अधिकार आहे. ही आदेशाने होणारी हजेरी आहे. ब्रिटनमध्ये मात्र ‘व्हॉलंटरी अटेंडन्स’ असा शब्दप्रयोग चालतो: अटक न होता स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन जबाब देणे. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला असा कागद आला, तर ‘व्हॉलंटरी’ शब्द वाचून तो बाजूला टाकू नये. आधी वकिलाशी बोलावं.

पायरी 4: ‘बाय’ आला की कोण कुणासाठी आहे ते विचारा

कर्मणी प्रयोगात तीन वेगळे अर्थ एकाच रूपात येतात.

‘द मीटिंग वॉज अटेंडेड बाय 200 पीपल’: सभेला 200 लोक हजर होते. साधी हजेरी.

‘द बर्थ वॉज अटेंडेड बाय अ नर्स’: प्रसूती परिचारिकेने केली, तिच्या देखरेखीखाली झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुशल आरोग्य कर्मचाऱ्यांनी ‘अटेंड’ केलेल्या प्रसूतींचं प्रमाण हा एक महत्त्वाचा निर्देशांक आहे. त्याचं भाषांतर ‘आरोग्य कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत झालेल्या प्रसूती’ असं केलं की मुद्दा निसटतो. मोजलं जातं ते बाळंतपण कुणी हाताळलं हे. खोलीत कोण होतं हे नव्हे. तिथे नवराही असू शकतो, पण त्याच्यासाठी इंग्रजीत ‘ही वॉज प्रेझेंट अ‍ॅट द बर्थ’ म्हणतात. ‘प्रेझेंट’ म्हणजे होता, ‘अटेंडेड’ म्हणजे सांभाळलं. सुईणीला ‘ट्रॅडिशनल बर्थ अटेंडंट’ म्हणतात ते याच अर्थाने.

‘द प्लॅन इज अटेंडेड बाय रिस्क्स’: या बेताबरोबर धोकेही येतात. इथे माणूसच नाही, त्यामुळे हजेरीचा प्रश्न येत नाही. ‘सोबत असणे’ एवढाच अर्थ. याच घरातलं विशेषण ‘अटेंडंट रिस्क्स’, ‘अटेंडंट सर्कमस्टन्सेस’. कायद्याच्या भाषांतरात ‘आनुषंगिक परिस्थिती’ शोभतं, लेखात ‘त्याबरोबर येणारे धोके’ पुरतं.

पायरी 5: नामं वेगळी ओळखा

एका क्रियापदाची नामं अनेक आहेत आणि प्रत्येक नाम एकेका अर्थाच्या वाटेने गेलंय.

‘अटेन्शन’ लक्षाच्या बाजूचं. आजकाल ते संगणकशास्त्रातही पोहोचलंय. 2017 मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेल-रचनेचा कणा ‘अटेन्शन’ हाच आहे: वाक्यातला एक शब्द समजून घेताना बाकीच्या कोणत्या शब्दांना किती महत्त्व द्यायचं, याचं गणित. या विषयावरच्या लेखांत मॉडेल अमुक शब्दाला ‘अटेंड्स टू’ असं वाचायला मिळतं. तिथे ‘उपस्थित राहते’ लिहिलेली भाषांतरं वाचून वाईट वाटतं. ‘लक्ष देते’ हे साधं क्रियापद चालतं आणि पारिभाषिक नाम हवं असेल तर ‘अवधान’ तयारच आहे.

‘अटेंडन्स’ बहुतेक वेळा हजेरीच्या बाजूचं: हजेरीपट, मस्टर, विद्यापीठाची 75 टक्क्यांची अट. पण दोन ठिकाणी ते जुन्या, सेवेच्या अर्थाने येतं आणि तिथे फसगत होते.

पहिलं ठिकाण सभेचं इतिवृत्त. कंपनीच्या संचालक मंडळाच्या इतिवृत्तात संचालकांची नावं ‘प्रेझेंट’खाली आणि कंपनी सेक्रेटरीचं नाव ‘इन अटेंडन्स’खाली लिहितात. इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडियाच्या मानकातही ही भाषा आहे. संचालक गणपूर्तीत मोजले जातात आणि मत देतात. सेक्रेटरी कामकाजाला साहाय्य करण्यासाठी बसलेला असतो. मराठी इतिवृत्तात दोन्हींना ‘उपस्थित’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. ‘उपस्थित संचालक’ आणि ‘साहाय्यार्थ उपस्थित’ किंवा ‘निमंत्रित’ असे वेगळे मथळे द्यावेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेतही सभासदांची नावं आणि बाहेरून बोलावलेल्या लेखापरीक्षकाचं नाव एकाच यादीत घालू नये.

दुसरं ठिकाण भत्त्याचं. ब्रिटनमध्ये 1971 पासून ‘अटेंडन्स अलाउन्स’ आहे. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्या वृद्धांना दुसऱ्या कुणी सांभाळावं लागतं, त्यांच्यासाठी तो आहे. कुठेही हजर राहण्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनात ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ असतो, तोही याच अर्थाचा: सतत मदतनीस लागतो म्हणून दिलेला भत्ता. साताऱ्या-कोल्हापूरकडे घराघरांत माजी सैनिक आहेत. असा कागद कुणी वाचायला आणला, तर ‘हजेरी भत्ता’ असं सांगू नका. ‘मदतनीस भत्ता’ सांगा, म्हणजे तो कुणाला आणि का मिळतो हे लगेच कळतं.

‘डान्स अटेंडन्स ऑन’ असाही एक वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ एखाद्याच्या पुढेपुढे करणे. नाचाशी संबंध जोडू नये.

‘अटेंडंट’ म्हणजे सेवक, परिचर. महाराष्ट्रातल्या शासकीय पदनामांत ‘प्रयोगशाळा परिचर’, ‘ग्रंथालय परिचर’ असे चांगले शब्द आहेत, ते वापरावेत. इस्पितळात मात्र भारतीय वापर वेगळा आहे. ‘पेशंटचा अटेंडंट कोण?’ असं विचारतात तेव्हा सोबत राहणारा नातेवाईक अभिप्रेत असतो. अमेरिकेतल्या इस्पितळात ‘अटेंडिंग’ म्हणजे थेट वरिष्ठ डॉक्टर, ज्यांच्या हाताखाली रेसिडेंट डॉक्टर काम करतात. तिथे आई-वडिलांना घेऊन गेलात आणि ‘द अटेंडिंग विल सी यू’ असं सांगितलं गेलं, तर मदतनीस येणार असं समजू नका. निर्णय घेणारे डॉक्टर येणार आहेत. प्रश्न लिहून तयार ठेवा.

‘अटेंडी’ म्हणजे कार्यक्रमाला आलेली व्यक्ती. ‘अटेंडर’ हा शब्द दक्षिण भारतात शिपायासाठी चालतो. दोन्हींची अदलाबदल टाळावी.

आणि ‘अनअटेंडेड’. विमानतळावर ‘डोन्ट लीव्ह युअर बॅगेज अनअटेंडेड’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्यासाठी ‘बेवारस’ वापरतात. घोषणेत तो लोकांना चटकन कळतो, हे मान्य. पण बेवारस म्हणजे ज्याला मालकच नाही असं. इथे मालक चहा प्यायला गेलाय एवढंच. ‘सामान सोडून जाऊ नका’ हे जास्त नेमकं. चुलीवरचं दूध, गाडीत एकटं ठेवलेलं मूल यांनाही ‘अनअटेंडेड’ म्हणतात. तिथे ‘बेवारस’ लावता येत नाही हे उघड आहे. ‘कुणाचं लक्ष नसताना’ म्हणावं.

पायरी 6: कुठे वापरू नये

परीक्षेत प्रश्न ‘अटेंड’ होत नाहीत, ‘अटेम्प्ट’ होतात. उच्चार जवळचा म्हणून स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींत हा घोळ पसरलाय. मुलाखतीत बोलताना तो कानाला लगेच लागतो, म्हणून आजच सोडा.

परीक्षेसाठी ‘टेक’, ब्रिटिश पद्धतीत ‘सिट’ आणि आपल्याकडे ‘अपिअर फॉर’. फोनसाठी ‘आन्सर’ किंवा ‘टेक’. ‘अटेंड द कॉल’ भारतात सगळ्यांना कळतं, त्यामुळे इथल्या इथे बोलताना त्याला चूक म्हणून हिणवायचं कारण नाही. परदेशी ग्राहकाशी बोलताना मात्र बदला. कामावर रुजू होण्यासाठी ‘रिपोर्ट फॉर ड्यूटी’. सिनेमासाठी ‘सी’ किंवा ‘वॉच’. नुसतं हजर न राहता भाग घेतला असेल, तर ‘पार्टिसिपेट इन’ किंवा ‘टेक पार्ट इन’. शिबिरात तुम्ही बोललात, काम केलंत आणि बायोडेटात ‘अटेंडेड’ लिहिलंत, तर स्वतःचंच श्रेय कमी करता. मित्रांशी बोलताना ‘गो टू’ पुरतं: ‘आय वेंट टू अ वेडिंग’. ‘अटेंडेड’ तिथे व्याकरणाने बरोबर असलं तरी पत्रातलं वाटतं.

पायरी 7: मराठीत आणताना

‘हजर’, ‘उपस्थित’, ‘हजेरी’ हे एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. ‘उपस्थित’ला मान आहे, म्हणून पाहुण्यांसाठी. ‘हजर’मध्ये कर्तव्य आहे, म्हणून वर्ग, नोकरी, कोर्ट यांसाठी. ‘हजेरी लावणे’ म्हणजे थोडा वेळ जाऊन येणे. पाऊसही हजेरी लावतो आणि गवईही. पूर्ण तीन दिवस परिषदेत बसलेल्या माणसाने ‘हजेरी लावली’ असं लिहू नये. आणि घरगुती प्रसंगांना यातला एकही शब्द नको. लग्नाला गेलो, बारशाला आलो, मयतीला जाऊन आलो. मराठीत या जागी नुसतं जाणं-येणं पुरतं आणि तेच जिवंत वाटतं.

सराव

हा मेल मराठीत आणून पाहा, मगच पुढचं वाचा: ‘आय कुड नॉट अटेंड यस्टरडेज मीटिंग अ‍ॅज आय हॅड टू अटेंड टू माय मदर, हू इज बीइंग अटेंडेड बाय टू नर्सेस. द कम्प्लेंट हॅज बीन अटेंडेड टू.’

पहिल्या ठिकाणी ‘टू’ नाही आणि पुढे सभा आहे. दुसऱ्या ठिकाणी दोन ‘टू’ आहेत. पहिला ‘हॅड’चा, म्हणजे ‘लागलं’, दुसरा लक्ष देण्याचा. तिसऱ्या ठिकाणी ‘बाय’च्या पुढे परिचारिका आहेत, म्हणजे सेवा. चौथ्यात निवारणाचा पत्ता नाही. तर असं होईल: ‘आईकडे बघावं लागल्यामुळे काल सभेला येता आलं नाही. सध्या दोन परिचारिका तिची काळजी घेताहेत. तक्रारीत लक्ष घातलं आहे.’ आणि हा मेल तुम्हाला आला असेल, तर उत्तरात एवढं विचारून घ्या: तक्रार सुटली का?